परसूअण्णांच्या पुड्या

परसूअण्णांना मी पळताना एकदाच पाहिलं. भर दुपारी, अनवाणी, धोतराचा सोगा एका हातात धरून, शहापूरकडून वडगावच्या दिशेनं. मी मागून छत्री सावरत धावत होते, हाका मारत होते, आणि दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. कारण हा गृहस्थ देवळात जातानासुद्धा कधी घाई करत नसे. त्या पळण्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी ते न पळता कसे होते हे सांगायला हवं, नाहीतर त्या दुपारचं काहीच कळायचं नाही.

मी मूळची निपाणीची. नवरा लहानपणीच गेला. वडील तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. त्यांनी चार लोकांचं न ऐकता मला नर्सिंगला घातलं आणि शिकून झाल्यावर मी शहापूरच्या एका धर्मार्थ दवाखान्यात लागले. महायुद्धाची वर्षं होती. दवाखाना म्हणजे तीन खोल्या. एकीत डॉक्टर, एकीत मी आणि मधल्या खोलीत एका लाकडी खिडकीमागं परसूअण्णा कंपौंडर. डॉक्टर हुशार होते पण तापट, आणि लोक त्यांना घाबरत. खरं म्हणजे लोकांच्या लेखी ती खिडकी हाच दवाखाना होता.

अण्णा उंच, वाळके, डोक्याला काळी टोपी, कानावर पेन्सिल. घराणं वडगावच्या विणकरांचं. बाप मागावर, दोघं भाऊ मागावर, हे एकटेच सातवी होऊन कंपौंडरकीची परीक्षा देऊन आलेले. पण मागाची शिस्त बोटांतून गेलेली नव्हती. कागद तिरका धरायचा, तीन घड्या, चौथी आत खोचायची. ती पुडी टेबलावर आपटली तरी कण सांडत नसे. नऊ-दहा पुड्यांची माळ करून तिला दोऱ्याची गाठ मारत, आणि ती गाठ कुठं आहे हे शोधावं लागे. मी एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, औषध आहे ते, पैठणी नाही. एवढी कसली गाठ?"

"बाई, जोडल्याली जागा दिसू ने, ही आमच्या घरची रीत हाय," ते म्हणाले आणि पुढची पुडी घेतली.

दुसरी रीत त्यांची स्वतःची होती. दुखणं खरं कुणाचं, हे कोणाला विचारायचं नाही. "या खिडकीला मी कान ठेवलाय, तोंड न्हाई," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि ते अक्षरशः खरं होतं.

याला कारण होतं. आमच्याकडे दिवस गेले की तिसरा महिना सरेपर्यंत त्याचा शब्द काढायचा नाही. दृष्ट लागते, पोट टिकत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आता वांत्यांचा जोर नेमका त्याच दिवसांत. सून ओकून ओकून आडवी झालेली, तिला दवाखान्यात आणायची सोय नाही, कारण आणली की गावाला कळलं. मग सासू यायची. खिडकीशी उभी राहून पदर तोंडाला लावून म्हणायची, "मला पित्त झालंय."

अण्णा मान वर करत नसत. "सकाळचं जास्ती हुतंय का?"

"व्हय."

"आंबट खावं वाटतंय?"

साठीची बाई रस्त्याकडे बघत म्हणायची, "वाटतंय की."

अण्णा तिच्याच नावानं चिठ्ठी लिहीत आणि पुड्या देत. मी आतल्या खोलीत पदर तोंडात कोंबून हसायचे. "गंगाक्कांचं यंदाचं हे तिसरं गरोदरपण, अण्णा. तीन सुना आहेत म्हणून बरं."

"गप बसा बाई. तिचं गुपित हाय, ती संभाळत्या. आपून हातभार लावायचा." ते हे अगदी गंभीरपणानं म्हणायचे आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटायची. सगळ्या शहापूर-वडगावच्या बायका, कानडी बोलणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या, त्यांच्यावर विश्वास टाकून होत्या तो यामुळं. मलाही त्यांचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटायचा. मी हे मुद्दाम सांगते आहे.

त्या पुड्यांतलं औषध वरच्या फळीवरच्या तपकिरी बाटलीत असायचं. सिरियम ऑक्झलेट. पांढरी, पिठासारखी पूड. ना वास, ना चव. गरोदरपणाच्या वांत्यांवर त्या काळी डॉक्टर तेच लिहीत. हा सिरियम म्हणजे एक धातू, दुर्मिळ मातीतला. त्रावणकोरच्या समुद्रकाठच्या वाळूत सापडतो आणि गॅसबत्तीच्या जाळीलाही त्याचंच पाणी दिलेलं असतं, असं डॉक्टरांनी एकदा सहज सांगितलं. झालं. जन्मभर न बोलणाऱ्या माणसाला बोलायला एक विषय मिळाला. गणपतीच्या मांडवात गॅसबत्ती टांगली की अण्णा खाली उभं राहून विणकरांना सांगायचे, "ती जाळी पेटल्यावर येवढी पांढरी का दिसत्या, ठावं हाय? माझ्या बाटलीतला धातू हाय तिच्यात."

"म्हंजे अण्णा, आमच्या बायकांस्नी तुमी बत्ती चारतासा!" कुणीतरी म्हणायचं आणि मांडव हसायचा. अण्णाही हसायचे. जाळीत सिरियम चिमूटभर आणि बाकी भलतंच काही असतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण गर्दीत एवढं कोण सांगत बसतो? त्या हसणाऱ्यांत वडगावचा रघू नावाचा तरुण विणकर होता, हे आम्हांला पुढं कळलं.

युद्ध लांबलं तसा औषधांचा माल येईनासा झाला. खडेबाजारातल्या औषधवाल्यानं हात वर केले. तपकिरी बाटली अर्ध्यावर आली, मग दोन बोटांवर आली. डॉक्टरांनी बजावलं, "जिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, तिलाच द्या. बाकीच्यांना आलं-लिंबू." आता विचारायचं नाही असं व्रत घेतलेल्या माणसानं हे ठरवायचं कसं? अण्णा सासवांच्या आवाजावरून ठरवायला लागले. कोण नुसती त्रासलीय आणि कोण घाबरलीय, हे त्यांना कळायचं म्हणे.

अशात एके सकाळी तायाक्का आली. ही रघूची आई. ताठ कण्याची विधवा बाई. गल्लीत कुणाला ताप, खोकला, पोटशूळ झाला की हिचा काढा, आणि त्या काढ्यांचा तिला अभिमान. ती दवाखान्याची पायरी चढली यातच सगळं आलं.

"मला पित्त झालंय," ती म्हणाली.

"किती दिस?"

"आठ दिस झालं. पानी ठरंना."

अण्णांनी तिच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि बाटली काढली. तीन दिवसांच्या नऊ पुड्या. "पाण्यातनं घ्या," एवढंच म्हणाले.

तीन दिवसांनी ती परत आली. पुन्हा नऊ. पुन्हा तीन दिवसांनी. दर खेपेला तिचा आवाज बारीक होत गेला. अण्णांनी मधे दोघी जणींना आलं-लिंबू सांगून परत पाठवलं, आणि त्या गेल्यावर बराच वेळ नुसते खलबत्ता पुसत बसले. पाच वेळा पुड्या गेल्या. सहाव्या वेळी तायाक्का खिडकीशी आली तेव्हा तिनं पित्ताचं नाव काढलं नाही. "नर्सबाईंना लावून द्या," म्हणाली.

मी गेले. माग होता त्याच्या पलीकडच्या खोलीत तिची सून सुंद्रा पडली होती. विशीतली पोर. लग्नाला सहा वर्षं झालेली आणि ही पहिलीच वेळ. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास. उपासमारीनं रक्तात विष साठलं की हा वास येतो, हे आम्हांला शिकवलेलं असतं. नाडी बोटाखाली नुसती पळत होती. अंगावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

"पुड्या देता ना?" मी तायाक्काला विचारलं.

"देतो की. टायमाला. पाण्यातनं."

मी मान हलवली आणि उठले. पुढं आणखी एक प्रश्न विचारायला मला कुणी बंदी केली नव्हती. मी तो विचारला नाही, आणि याची बोच मला आजही आहे.

संध्याकाळी डॉक्टर येऊन बघून गेले. बाहेर येऊन रघूला आणि तायाक्काला स्पष्ट सांगितलं, "औषधाला ही दाद देत नाही. उद्या संध्याकाळी टांगा घेऊन येतो, सरकारी हॉस्पिटलात नेऊ. पोट रिकामं करावं लागेल. थांबलो तर ही जाईल."

आतून सुंद्राचा आवाज आला. इतका बारीक की आम्ही सगळे दाराशी गेलो. "डॉक्टरसायेब, मी मेलो तर मेलो. त्येला काढू नगासा."

"तू गेलीस तर ते कुठं राहणार आहे, मुली?" डॉक्टर म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. सुंद्रानं भिंतीकडे तोंड केलं.

मी परत येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी मला दोनदा तेच सांगायला लावलं. "पंधरा दिस औषिद पोटात जातंय आनि पैचा बी गुण न्हाई? आसं हुत न्हाई, बाई." त्यांनी बाटली उजेडात धरली, पूड हातावर घेतली, चिमटीत घासली, जिभेवर ठेवली. माल भेसळीचा असेल, जुना असेल, ओल लागली असेल, असं काय काय मोठ्यानं बोलत राहिले. त्यांना मी एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करायच्या वेळेला रघू खिडकीशी आला. त्याच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती. ती त्यानं जपून उघडली. आत पांढरी राख.

"अण्णा, तुमचं औषिद सरत आलंय म्हनं. म्हनून बत्तीवाल्याकडनं जळक्या जाळ्या मागून आणल्या. तुमीच म्हनला हुता न्हवं, ह्येच्यात त्योच धातू हाय? येवढं घोटून द्या की."

अण्णांच्या तोंडावरचा रंगच उडाला. "कुणाला दिलं न्हाईस न्हवं?"

"आर्धं आईकडं दिलंय. ती म्हनली, तू अण्णांस्नी इचारून ये, तवर मी भिजवून ठेवतो."

आणि अण्णा पळाले. खिडकीवरून नव्हे, दारातून, पण चपला राहिल्या. उघडी बाटली, तराजू, कुलूप, सगळं तसंच. मी बाटलीला बूच मारलं आणि मागं धावले. रस्ता तापलेला होता. मला दम लागला होता आणि एकच गोष्ट दिसत होती, की त्या पोरीला मांडवातल्या गमतीपायी जाळीची राख पाजली गेली तर हा माणूस जिवंत राहणार नाही.

आम्ही दारात पोचलो तेव्हा तायाक्का चुलीजवळ बसली होती. समोर पितळी वाटी, तिच्यावर ताटली झाकलेली.

"दिलं का? आक्का, दिलं का तिला?"

"न्हाई अजून. गाळ बसाय पायजे की."

अण्णांनी ताटली उडवली, वाटी उचलली आणि मागच्या दारानं उकिरड्यावर भिरकावली. मग तिथंच दाराला धरून श्वास घेत उभे राहिले. मला वाटलं, सुटलो. पण ते वळले आणि त्यांनी विचारलं, "गाळ बसाय म्हंजे?"

तायाक्कानं त्यांना लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. औषध म्हणजे काढाच की. पाण्यात कालवायचं, झाकून ठेवायचं, घटकाभरानं वरचं निवळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या वाटीत काढायचं आणि रोग्याला द्यायचं. "तुमच्या पुड्यांचं बी तसंच करत आलो. वरचं पानी कसं आरशावानी निघतंय. पर खाली गाळ लई बसतोय बगा तुमच्या औषिदाला."

"आनि गाळ?"

"मोरीत. काढ्याचा गाळ कोन पितंय?"

ती पूड पाण्यात विरघळत नाही. कितीही ढवळा, खाली बसते. जो गाळ खाली बसतो तेच औषध. हे मला पाठ होतं, अण्णांना पाठ होतं, आणि पंचेचाळीस पुड्या, साऱ्या गावातला शेवटचा माल, दोघी बायकांना परत पाठवून वाचवलेला, रोज तीन वेळा त्या मोरीतून वाहून गेला होता. सुंद्राला पंधरा दिवस आम्ही नुसतं पाणी पाजत होतो.

अण्णा मागापुढच्या, विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्याच्या कडेला बसले. "मी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. "इतर बायकांस्नी जिभंवर ठिवून घ्या म्हनायचो. ह्यांस्नी घाईत नुसतं पाण्यातनं म्हनलो. कुनाला, कसं, कायबी इचारलं न्हाई."

तायाक्काला तेवढ्यात उमगलं. ती कपाळ बडवायला लागली तसे अण्णा उठले आणि ओरडले, "तुमचं न्हाई आक्का, माझं! सुंद्रा पोटूशी हाय आनि माझ्या पुडीतला एक कण तिच्या पोटात गेला न्हाई!"

शेजारच्या तिघीचौघी पळापळ बघून दाराशी जमल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. तायाक्काचे हात कपाळावरून खाली आले आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. अजून तिसरा महिना सरायला आठ दिवस होते.

डॉक्टरांसमोर अण्णांनी काही लपवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "दोन दिस द्या, सायेब."

"आणि दोन दिवसांत ती गेली तर?"

"माझ्या नावावर लिवा."

"नावावर लिहून ती परत येते का?" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं पोर थांबलं. मग त्यांनी हात धुतले, पुसले, आणि परत धुतले. "परवा सकाळपर्यंत. टांगा दाराशी उभा असेल. नाडी मी स्वतः बघणार. आणि बाई, तुम्ही तिथून हलायचं नाही. खालून, एनिमानं, मिठाचं पाणी देत राहा. नाडी आणखी वाढली तर परवाची वाट बघू नका, मला बोलवा."

अण्णांनी बाटली कोंबडीच्या पिसानं खरवडली. सात पुड्या झाल्या.

पहिली मी सुंद्राच्या जिभेवर मधातून चाटवली. अण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. परका पुरुष आत कसा येणार? पण पडवीतून सगळं ऐकू जात होतं. पाव घटकेत तिनं ती ओकली. बाहेरून आवाज आला, "किती येळ ऱ्हायली, बाई?" मी सांगितलं. दुसरी संध्याकाळी. ती तासभर राहिली आणि गेली. "मध कमी करा," बाहेरून आवाज. रात्रीबद्दल काही सांगत नाही. सकाळी तिसरी दिली, ती अर्धी गेली, अर्धी राहिली असं मला वाटलं; मी अण्णांना 'अर्धी राहिली' एवढंच सांगितलं. गल्लीतले बाकीचे माग चालू होते. रघूचा बंद होता आणि तो खड्ड्यात पाय सोडून नुसता बसला होता. दुपारी तायाक्कानं पाण्याचा तांब्या कट्ट्यावर अण्णांच्या शेजारी नेऊन ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता आत आली.

चौथी पुडी दुपारी. मी सुंद्राचा हात धरून बसले. तिचा घसा हलला, ती उमळली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि काही आलं नाही. मी वाट बघत राहिले. इतकी भीती मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही दुखण्यात वाटलेली नाही. बाहेरून आवाज आला नाही, म्हणून मीच दारात गेले. अण्णा कट्ट्यावर डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते.

"राहिलीय," मी म्हटलं.

"आत जावा तुमी," ते म्हणाले. "दारात उभं ऱ्हाऊ नगा."

संध्याकाळी पाचवी राहिली. त्यानंतर चमचा चमचा लाह्यांचं पाणी राहिलं. दिवेलागणीला सुंद्रा म्हणाली, "बाई, ताक मिळंल व्हय?" आणि तायाक्का भिंतीला टेकून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. डॉक्टर सरळ आत गेले, नाडीवर बोटं ठेवली, घड्याळ बघितलं, परत बघितलं. लघवी कधी झाली, किती झाली, मला विचारलं. मग बाहेर येऊन टांगेवाल्याला म्हणाले, "परत जा." अण्णांकडे बघून म्हणाले, "तुम्ही दवाखाना उघडा. उशीर झालाय." बस्स.

पुढं कितीतरी वर्षांनी एका तरुण डॉक्टरानं मला सांगितलं की ते सिरियमचं औषध आता पुस्तकातून गेलं. त्याचा तसा फारसा उपयोग नव्हताच. मिठाच्या पाण्यानं तरली असेल, तिसरा महिना सरत आल्यामुळं तरली असेल. मला त्याचा राग आला. खरं काय ते मला माहीत नाही. मी तिथं होते एवढंच मला माहीत आहे.

त्यानंतर अण्णांची खिडकी बदलली. कुणी सासू येऊन "मला पित्त झालंय" म्हणाली की अण्णा मान वर करून विचारत, "कुणाला?"

"मला."

"तुमाला न्हाई, आक्का. जिला हाय तिला आणा, न्हाईतर बाईंना घरी न्या. कसं द्यायचं त्ये त्या बघून येतील."

बायका संतापायच्या. एका म्हातारीला खरंच पित्त झालेलं होतं. तिनं खिडकीतून छत्रीचा दांडा घालून त्यांची टोपी पाडली. बाकीच्या मात्र मुकाट्यानं परत जायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. सिरियम तर संपलंच होतं, पण पोटदुखीवरच्या साध्या बिस्मथच्या पुडीलाही अण्णा हाच प्रश्न घालत. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे दोन गृहस्थ तक्रार घेऊन आले. बायकांच्या गुपितात तोंड घालणारा माणूस, असं वडगावात त्यांच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. ज्या बायका वीस वर्षं त्यांच्यावर विसंबून होत्या, त्या आता त्यांना बघून रस्ता ओलांडायच्या. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

"अण्णा, जरा हळू आवाजात विचारा," मी एकदा म्हटलं.

"हळूच इचारतो, बाई. पर इचारतो." त्यांनी पुडीचा कागद उचलला आणि परत खाली ठेवला. समोर कुणी नव्हतंच.

सुंद्रा वेळेवर बाळंत झाली, माझ्याच हातून. मुलगी. तायाक्कानं बारशाचं बोलावणं गल्लीभर केलं, डॉक्टरांकडे नारळ धाडला, मला स्वतः येऊन नेलं. अण्णांचं घर त्याच गल्लीच्या टोकाला, पण त्यांना बोलावणं नाही, घुगऱ्यासुद्धा नाहीत. माझ्यानं राहवलं नाही. मी तायाक्काला आत गाठून विचारलं.

"त्यांनी जीव वाचिवला, मी न्हाई म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पर माझ्या घरातली गोष्ट त्यांनी चारचौघांत वरडून सांगितली. आठ दिस ऱ्हायलं हुतं, बाई. त्ये आठ दिस मी कसं काढलं, मलाच ठावं."

मी तिच्याशी भांडले नाही, पण पान न घेता निघाले. पुढच्या आठवड्यात मी खानापूरच्या दवाखान्यात जाणार होते, तिथली नेमणूक झाली होती. त्यामुळं मनात तसंच बरंच काही होतं. गल्लीच्या वळणावर रंगवलेलं सूत वाळत घातलेलं असतं, तिथं भिंतीशी अण्णा उभे होते. सुताची एक लड हातात घेऊन ती तपासत असल्यासारखं करत होते.

"तुम्ही इथं?"

"सहज." मग लडीकडेच बघत, "पोरगी रडत्या का?"

"रडते की. नाव ठेवताना घर डोक्यावर घेतलं."

"व्हय?" ते म्हणाले. "मला काय ऐकू आलं न्हाई. लई माग चालू हाईत."

मी परत वळले. मागच्या दारानं आत गेले आणि सुंद्राला सांगितलं की अण्णा कोपऱ्यावर उभे आहेत आणि त्यांना पोरीचा आवाज ऐकायचाय. तिनं पाळण्यातून पोर उचललं, दुपट्यातून बाहेर काढलं आणि गल्लीकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. झोपमोड झालेली पोर गळा काढून रडायला लागली. पण दोन्ही बाजूंना माग धडधडत होते, आणि तो आवाज त्यात बुडून गेला.

तायाक्का मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही सुनेच्या हातातून पोर काढून घेणार. ती तशीच अंगणात गेली, शेजारच्या दाराशी उभी राहून काहीतरी म्हणाली, आणि तिथला माग थांबला. मग ती पुढच्या दाराशी गेली. तोही थांबला. मग समोरचा. एकेक करत सबंध गल्ली गप्प झाली, आणि त्यात ती बारा दिवसांची पोर जीव तोडून रडत होती.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. कोपऱ्यावर अण्णा टोपी हातात घेऊन, मान खाली घालून ऐकत उभे होते.